तिसऱ्या ओळीतला खुंट

मी एक खुंट बोलतोय. झाडाचं जे तुम्हाला दिसतं, ते मी नव्हे. युबा सिटीजवळच्या रोपवाटिकेत मी बोटाएवढा जाड झालो, तेव्हा माझ्या सालीत आलुबुखारचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, भरला आणि माझा शेंडा छाटून टाकला. तेव्हापासून पानं, फुलं, फळं सगळी त्याची. पाणी शोधणं आणि माती धरून ठेवणं, एवढंच माझं.

जगीर कौरच्या बागेत आम्ही तीन जातींचे खुंट लावले गेलो. वर कलम सगळ्यांवर एकच. तिला जुनी चाळीस एकर बाग काढून नवी लावायची होती. कोणत्या खुंटावर, ते आमच्यावरून ठरणार होतं. शेती सल्लागार एलेन दर हिवाळ्यात घेर मोजायला माझ्या बुंध्याला टेप गुंडाळायची. ऑगस्टमध्ये यंत्रानं झाड हलवून फळं पाडली, की ती वजन करायची. सुकवल्यावर पुन्हा करायची.

तिसरी ओळ माझ्या जातीची, आणि ती सगळ्यांत पुढे होती. जगीरचा दीर निरंजनसिंग माझ्यावर भलताच खूश. त्याच्या वडिलांनी पहिली बाग याच खुंटावर उभी केली होती. शेजारची ओळ बघून तो म्हणायचा, "वहिनी, ही झाडं आहेत की काठ्या?" मी मनातून फुलायचो. खोटं कशाला सांगू?

अकराव्या वर्षी जानेवारीत आठवडाभर पाऊस लागला. माती लोण्यासारखी झाली आणि दक्षिणेकडून वारा सुटला. दुपारपर्यंत आमच्या ओळीतली वीसपैकी सात झाडं आडवी झाली. माझ्या दोन्ही बाजूंचीही गेली. त्यांची मुळं तुटताना मला मातीतून कळत होती. शेजारच्या काठ्या जागच्या हलल्या नाहीत.

त्या ऑगस्टमध्ये, पडलेल्या शेजाऱ्यांच्या वाट्याचं ऊन-पाणीही मलाच मिळाल्यानं, माझ्यावर कधी नव्हे एवढं पीक आलं. निरंजनसिंग एलेनला म्हणाला, "वादळ काय रोज येतं? पडलेली वगळ आणि उभ्यांचीच सरासरी काढ. आमचा खुंट पहिला येतो की नाही बघ!"

"येतो. म्हणूनच वगळत नाही."

"म्हणजे?"

"नव्या बागेतली अशीच पडली, तर त्या जागांवर फळं कुठून आणणार?"

"म्हणजे माझ्या बापाला अक्कल नव्हती, असं म्हण की सरळ!"

जगीर म्हणाली, "भावजी, मामंजींची जमीन चढावरची, पाणी न धरणारी. ही नदीकाठची. ते असते तर त्यांनी आधी मुळं बघितली असती."

निरंजनसिंग माझ्याशेजारच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला. ढेकूळ उचलून त्यानं बोटांनी चुरलं. मग म्हणाला, "लिही बाई. सातही लिही."

नवी बाग काठ्यांच्या खुंटावर लागली. मला वाईट वाटलं, पण शेजारी गमावून मिळालेला पहिला नंबर मी कोणत्या तोंडानं मिरवणार होतो?

पुढच्या महिन्यात आमची ओळ काढणार आहेत. तक्रार नाही. एलेन, शेवटचं वजन करायला येशील, तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंच्या जागांपाशी जरा थांब. तिथेही आकडा लिही. शून्य असला तरी लिही.