तेओफिलची बिनक्रॉसची कबर

"माझ्या उशाशी क्रॉस उभा करू नकोस हं, लाझार. आणि पाद्र्याला तर फिरकूही देऊ नकोस."

तेओफिलला जाऊन तीन वर्षं होत आली, तरी त्याचा तो खरखरीत आवाज लाझारच्या कानांतून जात नव्हता. दोघे पॅरिसच्या एकाच गल्लीतले सुतार. कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसच्या कामकरी लोकांनी केलेल्या बंडाच्या दिवसांत रस्ता अडवून शेजारी शेजारी लढले, आणि शिक्षा होऊन समुद्रापारच्या या पाईन बेटावर एकाच बोटीतून आले. तेओफिलची शवपेटी लाझारनंच ठोकली होती. साथीदारांनी आपल्या रीतीप्रमाणे कोटाला लाल फुलं लावून, प्रार्थनेवाचून त्याला माती दिली होती.

आता सरकारनं सगळ्यांना माफी दिली होती. बोट लागली होती. तिकडे लेक वाट पाहत होती. न पाहिलेला नातू चालायलासुद्धा लागला होता. पण लाझारचा पाय निघेना. आपण गेलो की ती कबर बघायची कोणी? रान गिळून टाकील.

"त्याच्यासाठी मागे राहतोस?" त्यांच्याबरोबरच शिक्षा भोगलेला कानूत म्हणाला. "तेओफिल असता तर कानफटात देऊन बोटीत बसवला असता तुला."

जायचंच झालं तर निदान निरोप तरी घ्यावा म्हणून लाझार टेकडीवर गेला आणि थबकलाच. कबर चुन्यानं पांढरीशुभ्र झालेली, आणि उशाशी चक्क क्रॉस! शेजारी फिलोमेन मावशी बसली होती. ती बेटावरचीच, इथल्या मूळच्या कनाक लोकांतली. रोज पहाटे मिशनच्या चर्चमध्ये जाणारी. हद्दपार होऊन आलेल्या या शहरी माणसांना कंद लावायला तिनंच शिकवलं होतं.

"मावशी, हे काय केलंस!"

"तू चाललास ना? मग पोराला असं बेवारशी ठेवू? आमच्यात नाही ठेवत."

"त्याला क्रॉस नको होता गं. मी शब्द दिलाय."

"तापात बोलला असेल."

"तापात कसला, जन्मभर तेच बोलला!"

मावशी हसली. "हट्टी मेला. माझ्या हातचा मासा खायचा आणि माझ्या देवाला नावं ठेवायचा."

"देवाला नाही, पाद्र्यांना."

"ते ऐकायचे मी. सगळंच काही खोटं नव्हतं."

लाझारनं क्रॉसला हात घातला, पण उपटवेना. म्हातारीनं तो स्वतः तासला होता. कोयत्याचे वेडेवाकडे घाव लाकडावर दिसत होते. त्यानं हात मागे घेतला आणि तसाच मान खाली घालून उभा राहिला.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, क्रॉस हलवून हलवून वर काढला आणि लेकरासारखा छातीशी धरला.

"हा माझ्या दाराशी लावीन. इथे चुना लावणं आणि गवत काढणं, एवढंच. पाद्री नाही, काही नाही. पण मी मनातल्या मनात काय म्हणते, ते तू विचारायचं नाहीस. कबूल?"

लाझारचे डोळे भरले, त्यातच हसूही आलं. "कबूल. हळू म्हण पण. त्याला ऐकू गेलं तर भांडायला उठेल."

"उठू दे की. त्याहून बरं काय?"

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. काठावर माणसांची गर्दी, रडारड, हाका.

"तुझी मावशी कुठाय? रुसली वाटतं," कानूतनं चिमटा काढला.

लाझार टेकडीकडे बघत होता. त्याला ती दिसली होती. समुद्राकडे पाठ करून, कमरेला कोयता खोचून, ती टेकडीच्या वाटेला लागली होती, सावकाश, वाटेतल्या दगडांचा आधार घेत.