चकतीवरचं खोबरेल

“मामा, तुझी गाडी धावते ते दिसलं सगळ्यांना. पण ती कधी थांबते का रे?”

प्रश्न प्रियलचा नव्हताच मुळी. तो होता उन्नती आणि कॅथरिनचा. ऑक्टोबरच्या उन्हात शाळेच्या फाटकापाशी बर्फाच्या गोळ्यावर पैज लागली होती: प्लासिडमामाला भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत हे विचारून दाखव! गेल्या वर्षीची प्रियल असती तर ओढणीचं टोक चावत मैत्रिणींच्या मागे लपली असती. पण यंदा नववीत वक्तृत्वात पहिला नंबर काय आला, तिच्या जिभेला अशी काही धार चढली होती की बास! हात कमरेवर ठेवून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली.

मामानं तिला बघून ब्रेक दाबला होता खरा, पण केळीच्या घडांनी भरलेली ती गाडी दोन्ही चपला रस्त्यावर घासत घासत पार गोळेवाल्याच्या पुढे जाऊन थांबली. त्यामुळे उत्तर द्यायची गरजच उरली नाही. अख्खं फाटक हसलं. रिक्षावाले हसले, गोळेवाला हसला.

“थांबते गो बाय,” मामासुद्धा हसत म्हणाला, “फक्त जरा विचार करून थांबते.”

पण त्याचे कान लाल झालेले प्रियलला दिसले. गोळा कालाखट्टा होता, तरी तिला तो गोड लागला नाही.

गाडी म्हणजे साधीसुधी सायकल नव्हती. प्रियलच्या पप्पांचा, आग्नेल तुस्कानोंचा, गुडघा कामातून गेला होता. निर्मळच्या वाडीतली केळी आणि सोनचाफा सायकलवर लादून रोज सोपाऱ्याच्या बाजारात न्यायचं त्यांना होईना. मग मामानं, जो एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी काहीतरी जोडल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नसे, त्यांच्यासाठी लांबलचक सांगाडा वेल्ड केला. पुढे माल ठेवायला मोठी पेटी, पेटीखाली बॅटऱ्या, मागच्या चाकात मोटार. लाइट जायच्या वेळा सांभाळून ती रात्रभर चार्ज करायची आणि सकाळी हँडलचा कान पिळला की घडांसकट सुर्रकन निघायची; कधी पप्पा चालवायचे, कधी मामा. गावानं तिचं नाव ‘प्लासिडची विजेची बैलगाडी’ असं ठेवलं होतं. ब्रेक मात्र जुन्या सायकलचेच, रबराच्या गुटक्यांचे. एवढं ओझं त्यांना कुठलं पेलायला!

त्या दुपारनंतर बरेच दिवस गेले, थंडी पडायला लागली. आणि एका शनिवारी मामा कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन अंगणात हजर.

“काय आणलंस?” प्रियलनं विचारलं.

“तुझ्या प्रश्नाचं उत्तर.”

कागदातून निघाली एक पोलादी चकती, भोकाभोकांची, ताटलीएवढी, आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा एक चिमटा. डिस्क ब्रेक! असला ब्रेक प्रियलनं फक्त नव्या मोटारसायकलींना पाहिला होता. मामानं पुढचं चाक काढलं, जुने गुटके काढून टाकले, चकती चाकाच्या मध्यावर स्क्रूनं आवळली. चिमट्यासाठी पट्टी वेल्ड करून आणलेली होतीच, ती चाक धरणाऱ्या फोर्कला बसवली. मग चाक हवेत फिरवत, एक डोळा मिटून, चकती कुठे घासत तर नाही ना, ते कितीतरी वेळ बघत बसला. प्रियल पाने-पक्कड देत होती, बडबड करत होती.

“चकतीला हात नको लावूस हां,” तो मध्येच म्हणाला.

“नाही लावत रे! बोट कापून घ्यायला मी काय बाळ आहे?”

मामा काही बोलणार होता, तेवढ्यात मम्मीनं चहाला हाक मारली, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. पुढे किती वेळा प्रियलला वाटलं, की त्या दिवशी मम्मीचा चहा जरा उशिरा उकळला असता तर!

संध्याकाळी घरासमोरच्या उतारावर गाडीची परीक्षा झाली. पेटीत घड नव्हते म्हणून मामानं शेजारच्या लुईसकाकांनाच बसवलं, आणि लुईसकाका म्हणजे दोन घडांच्या वरचं प्रकरण. गाडी उतारावरून सुसाट निघाली, मामानं दोन बोटांनी ब्रेक ओढला, आणि गाडी जागच्या जागी अशी थांबली की लुईसकाकांची टोपी एकटीच पुढे गेली.

“अरे प्लासिड!” काका ओरडले. “मला अशी एक पायजे! आमच्या लिडियाला रोज फुलांचा भारा डोक्यावर न्यायला लागतो.”

मागोमाग आणखी दोघा वाडीवाल्यांनी तेच म्हटलं. मामाचा चेहरा त्या संध्याकाळी नाताळातल्या कंदिलासारखा दिसत होता. “सुट्टीच्या दिवसांत नाही भागायचं आता,” तो मम्मीला म्हणाला, “मागच्या पडवीत छोटंसं वर्कशॉपच टाकू का गो बहिणी?” आणि बहीणही चक्क हो म्हणाली.

रविवारी संध्याकाळी फादर गाडीला आशीर्वाद द्यायला येणार होते. नवी रिक्षा असो नाहीतर नवा पंप, पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय आळीतलं कुणी काही सुरू करत नाही. घराघरात आणखीही एक रीत आहे, ती कुणी शिकवत नाही, हातातच असते. समुद्राचा वारा लोखंडाला खातो. म्हणून कोयता असो, विळी असो, रहाटाचा कणा असो, काम झालं की त्यावर खोबरेलाचा हात फिरवायचा. आजी फिरवायची, मम्मी फिरवते, प्रियलही लहानपणापासून फिरवत आली होती.

त्यामुळे रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, मामा यायच्या आत, तिनं थंडीनं थिजलेल्या खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली. चिंधी घेतली. आधी हँडल, मग घंटी, मग सांगाडा. आणि शेवटी, बोट कापू नये म्हणून चिंधीची जाड घडी करून, ती चकती. वरून, खालून, एकेका भोकाच्या कडेनं, अगदी मन लावून. मामाचं तिनं सगळ्यांसमोर हसं केलं होतं ना? आता फादरनी बघत राहावं अशी त्याची गाडी ती चमकवणार होती. चकती आरशासारखी दिसायला लागली तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की ती गाणं म्हणत न्हायला गेली.

फादर म्हणाले, “वा! काय लखलखते आहे!” हारांनी झाकलेल्या गाडीवर पाणी पडलं, मामानं क्रुसाची खूण केली, सगळ्यांनी केक खाल्ला. त्या दिवशी गाडी हलवलीच नाही कुणी.

सोमवारी सकाळी पप्पा भरली गाडी घेऊन फाटकातून निघाले. प्रियल दात घासत ओट्यावर उभी होती. उताराच्या खाली वळण आहे आणि वळणाच्या तोंडाशी बावखल, वाड्यांना पाणी देणारं गोड्या पाण्याचं तळं. पप्पांनी वळणाआधी ब्रेक ओढलेला तिनं पाहिला. गाडीनं एक लांब किंकाळी फोडली, पण वेग काही कमी झाला नाही. मागचा रबरी ब्रेक होता, पण भरल्या गाडीपुढे त्याचं काय चालणार! पप्पा वळले नाहीत. सरळ गेले.

ती अनवाणी धावत पोचली तेव्हा गाडी निम्मी पाण्यात होती, केळीचे घड बावखलीत तरंगत होते, सोनचाफ्याची फुलं सगळीकडे पसरली होती, आणि पप्पा काठाच्या दगडांवर आडवे पडून उजवा हात छातीशी धरून कण्हत होते.

हाताची दोन हाडं मोडली होती. डोकं वाचलं हे नशीब. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत प्लास्टर घातलं.

दुपारी मामा कारखान्यातून धावत आला. मम्मीनं त्याला पायरीवरच अडवलं.

“माझा नवराच सापडला तुला प्रयोग करायला?” तिचा आवाज आळीभर गेला. “चांगले ब्रेक काढलेस आणि हे कसलं तबकडीचं सोंग लावलंस! नाताळला या घरात पाय ठेवलास तर बघ.”

“मॅग्डलीन, मला चाक तरी बघू दे...”

“तुझं चाक घे आणि जा!”

मामाला बायको नाही, मुलं नाहीत. नाताळचं जेवण तो दरवर्षी याच घरात जेवतो. प्रियल दाराआड उभी होती. काय घडलं ते तोवर तिलाही खरंच कळलं नव्हतं. पप्पांनी नुसतं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. ओट्यावर लुईसकाका जमलेल्यांना सांगत होते, “मी त्या गाडीत बसलो होतो, बाबांनो! वाचलो! मी तर सांगितलेली गाडी नको म्हणून कळवून टाकलं.” बाकीच्या दोघांनीही नको म्हणून कळवलं.

कळलं ते बुधवारी. शाळेतून येताना ती मामाच्या खोलीवर गेली. बावखलीतून ओढून आणलेली गाडी बाहेर उलटी ठेवलेली, पुढचं चाक त्याच्या मांडीवर. चिमट्यातल्या दोन छोट्या गाद्या, ज्या चकतीला धरतात, त्या त्यानं काढून कागदावर ठेवल्या होत्या. तो एक गादी नाकाशी धरून वास घेत होता.

“काय झालं होतं रे मामा तिला?” प्रियलनं विचारलं.

“तेल लागलं. या ब्रेकाला तेलाचं वावडं. बोटाचा घामसुद्धा चालत नाही. तेल लागलं की चकती नुसती सरकते, धरत नाही.”

“कसलं तेल?”

मामानं गादी खाली ठेवली. वर बघितलं नाही. सगळ्या खोलीत खोबरेलाचा वास होता, तिच्या दोन वेण्यांनाही तोच, तोच.

“असेल कसलंतरी,” तो म्हणाला. “पेटीत नारळ फुटला असेल. मी सोमवारी सकाळी येऊन बघून द्यायला हवी होती गाडी. जोडणी माझी, तेव्हा चूकही माझीच. तू अभ्यासाला जा, बाय.”

पेटीत नारळ नव्हते. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

ती घरी आली. आणि ही वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी, जिला शाळेत कुणी गप्प बसवू शकत नसे, तिच्या तोंडून घरात ही गोष्ट निघेना. जेवताना पप्पा डाव्या हातानं भात चिवडत होते, अर्धा भात ताटाबाहेर. ती पटकन म्हणाली, “पप्पा, मी भरवते.” ते म्हणाले, “माझी गुणाची पोर!” उन्नतीला फोन करून सगळं सांगितलं तर उन्नती म्हणाली, “अगं, तू मुद्दाम थोडंच केलंस! आणि मामा बोलला नाही ना? मग झालं तर.” पण तिथंच तर सगळं अडलं होतं. मामा ओरडला असता तर तीही ओरडली असती, रडली असती, संपलं असतं. तो गप्प बसला आणि सगळा भार आपल्या डोक्यावर घेऊन बसला, आणि ती रोज त्या भाराखालून शाळेत जाऊन येत होती.

शनिवारी लुईसकाकांची लिडियाकाकी डोक्यावर फुलांचा भारा घेऊन फाटकाशी टेकली. “प्लासिड गाडी मोडायला काढतोय म्हणे,” ती मम्मीला म्हणाली. “मोटार भंगारात घालणार. बरंच झालं, नाही का? असल्या माणसाच्या हातात कुणाचा जीव द्यायचा!”

आपल्या भावाबद्दल दुसऱ्या कुणी असं बोललेलं मम्मीलाही झोंबलं असावं, पण ती नुसतीच सोनचाफ्याच्या पाकळ्या चिमटत राहिली.

प्रियल ओट्यावरून उठली. ती मम्मीच्या समोर जाऊन उभी राहिली. आत पप्पा पलंगावर होते, त्यांनाही ऐकू जाईल असं बोलली.

“मामानं काही चुकवलं नाही. चकतीला खोबरेल मी लावलं. रविवारी. चमकावी म्हणून.”

लिडियाकाकीनं भारा उचलला आणि चालू पडली. मम्मीच्या मांडीवरची फुलं खाली सांडली.

“हळू बोल!” मम्मीनं तिला दंडाला धरून आत ओढलं. “तेल तर आपण सगळ्यालाच लावतो. त्यात काय एवढं!”

“या ब्रेकाला लावायचं नसतं. लावलं की तो धरत नाही.”

पप्पा उठून बसले. त्यांचं प्लास्टर तिला कधी नव्हे एवढं पांढरं, एवढं मोठं दिसलं.

“प्लासिडला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“बुधवारीच कळलं त्याला. वासावरून.”

“आणि बोलला नाही?”

“नाही.”

पप्पांनी डोळे मिटून घेतले. “आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवली,” ते पुटपुटले.

“झालं ते झालं,” मम्मी घाईघाईनं म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मी जाते त्याच्याकडे, पाया पडते हवं तर, नाताळला हाताला धरून आणते. आणि लिडियालाही सांगते, हे तिच्यापाशीच ठेव म्हणून. तू मात्र आता कुठं बोलू नकोस. मुलीची जात आहे तुझी. बापाला पाडलं म्हणून जन्मभर नावं ठेवतील लोक!”

“मग मामाला नावं ठेवू देत का?”

मम्मीनं तिचा दंड सोडला.

प्रियलनं गालांवरचं पाणी पुसलं. आवाज अजून कापत होता, पण तो आता तिचा स्वतःचा होता, कुणी पैजेवर काढायला लावलेला नव्हता.

“मी आत्ता लुईसकाकांकडे चालले आहे,” ती म्हणाली. “काय झालं ते त्यांना मी माझ्या तोंडानं सांगणार. मग त्या दोघा वाडीवाल्यांकडे जाणार. आणि मामानं गाडी मोडायच्या आत त्याच्याकडे. तुम्ही दोघं येत असाल तर चला. नसाल येत, तर मी एकटी जाते.”