कांद्याच्या कळीतली आठ गुणसूत्रं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हटलं म्हणून मोडका समजू नका, मित्रांनो! माझी नजर अजून तुमच्यापेक्षा कितीतरी पट बरी आहे.

बर्मिंगहॅमच्या एका प्रयोगशाळेने मला मोडीत काढलं, तेव्हा डॉक्टर पद्माकरांनी मला घरी आणलं. दर रविवारी ते माझी काच मऊ कापडाने पुसायचे आणि लेकीला, सुप्रभाला, डासाचा पाय दाखवायचे. काय लाड होते माझे! अठ्ठ्याऐंशी साली डॉक्टर अचानक गेले. त्यांच्या पत्नीने, सुहासिनीबाईंनी, मला पेटीत घालून झाकण लावलं. तीन वर्षं मी अंधारात एकटा होतो. फार वाईट वाटायचं.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये झाकण उघडलं. सुप्रभा आता सतरा वर्षांची होती. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिला अर्धगुणसूत्री विभाजन शोधायचं होतं, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारी पेशीची वाटणी. पोरीने जॅमच्या बाटलीवर कांदा ठेवून मुळं आणली, त्यांची टोकं रंगवून माझ्याखाली ठेवली. पेशी दुभंगत होत्या, पण गुणसूत्रं सोळाची सोळाच! अगं वेडाबाई, मूळ नुसतं वाढतं, तिथे प्रत्येक नव्या पेशीला पूर्ण वाटा मिळतो. निम्मी होतात ती फुलाच्या कळीत. मला ठाऊक होतं, पण बोलणार कसा?

"आई, मंडेला सबमिट करायचंय आणि काहीच दिसत नाही! बाबा असते तर एका मिनिटात सांगितलं असतं." सुप्रभा रडायलाच लागली.

"मला त्यातलं काय कळतंय गं," म्हणत सुहासिनीबाई मागच्या बागेत गेल्या. चातुर्मासात त्या कांदा खात नसत. मागच्या वर्षी गॅरेजमधल्या कांद्यांना कोंब फुटले, तेव्हा टाकवेनात म्हणून त्यांनी ते पुरले होते. त्यातला एक त्यांनी दांड्यासकट उपटून आणला. "हा घे. याची मुळं चांगली जाड आहेत."

सुप्रभा मुळांकडे बघेचना. दांड्याच्या टोकाला कळ्या होत्या. "आई! बी तर इथे तयार होतं. मी मुळांत काय शोधत बसले?"

कळ्या रंगवून बघताना चौथ्या काचपट्टीवर सापडलं. एका पेशीत आठ जोड्या लागल्या होत्या, शेजारच्या पेशीत जोड्या सुटून आठ इकडे, आठ तिकडे निघाली होती.

"आपलंही असंच असतं, आई. मुलाला निम्मं आईकडून मिळतं, निम्मं बाबांकडून."

सुहासिनीबाईंनी पहिल्यांदाच मला डोळा लावला. म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं निम्मं तुझ्यात आहे?"

"हो आई."

माझी काच ओली झाली. एरवी मी कुरकुरलो असतो.

पुढच्या वर्षी सुप्रभा ब्रिस्टलला शिकायला गेली आणि मी पुन्हा पेटीत गेलो. कधीमधी सुहासिनीबाई झाकण उघडतात, काचपट्टी न ठेवताच माझ्यातून बघतात. नुसता उजेड दिसतो. मग झाकण लावून एकट्याच जेवायला बसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू बंद करून ठेवू नका, आमच्या काचेवर बुरशी धरते. आणि सुप्रभा, नाताळच्या सुट्टीत ये गं. मला पुसायला पाच मिनिटं पुरतात. आईजवळ मात्र जरा जास्त वेळ बस.