हेल्वीची भट्टी आणि बाबांचं हवेचं यंत्र

माझे वडील तौनो शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. उत्तरेकडच्या आमच्या थंड मुलखात, कायानी गावाबाहेर तळ्याच्या काठी त्यांनी घर बांधलं ते माझ्या आईसाठी. आईला, केर्त्तूला, दमा होता. जुन्या घरात हिवाळा सुरू झाला की तिचे हाल व्हायचे. खिडकी उघडली तर गारठ्याने छाती आवळायची, बंद ठेवली तर कोंदट हवेने जीव घाबरायचा. म्हणून बाबांनी सगळ्या फटी बुजवलेलं, वाऱ्याला कुठून शिरता येणार नाही असं घर बांधलं आणि वरच्या मजल्यावर, कपडे धुवायच्या खोलीत, हवेचं यंत्र बसवलं.

आमच्याकडे आता घरोघरी असं यंत्र असतं, पण तेव्हा त्याचं अप्रूप होतं. घरातली वापरलेली हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी आत येते, आणि वाटेत दोघी पातळ पत्र्यांच्या अलीकडून-पलीकडून एकमेकींना न शिवता जातात. जाणारी आपली ऊब येणारीच्या पदरात टाकून जाते. बाहेर लाकूड तडकेल इतकी थंडी असली तरी आत येणारी हवा बोचत नाही.

माळ्यावरून बाबांनी नळ्या नेल्या, त्यांना जाड लोकरीचं अस्तर गुंडाळलं, खोल्याखोल्यांच्या छताला गोल झडपा बसवल्या. मग झडपा जुळवायचं काम आलं. आई प्रत्येक खोलीत खुर्ची टाकून बसायची, बाबा स्टुलावर उभे राहून झडप थोडी उघडायचे, थोडी मिटायचे आणि विचारायचे, "आता लागतं का वारं?"

"मानेवर लागतं."

"आता?"

"आता नाही. पण तौनो, मी अशीच बसून राहिले तर स्वयंपाक तू करणार आहेस का?"

त्या घरात आई पुष्कळ वर्षं नीट झोपली. ती गेली ती दम्याने नाही, हृदयविकाराने. तिच्यामागे बाबांनी घरात काहीच बदललं नाही. धूर तर सोडाच, मेणबत्तीसुद्धा लावली नाही. वसंतात आणि शरदात यंत्राचे फिल्टर बदलायचे, पत्र्यांचा तो ठोकळा बाहेर काढून न्हाणीत कोमट पाण्याने धुवायचे, तेही असं की जणू अंगावरचं बाळच न्हाऊ घालतायत.

मग त्यांच्या आयुष्यात हेल्वी आली. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना पोहण्याच्या तलावात व्यायाम करायला सांगितलं होतं. तिथे त्यांच्या शेजारी पाण्यात पाय झाडणारी, मोठमोठ्याने हसणारी बाई म्हणजे हेल्वी. पूर्वेकडची, इलोमान्त्सी गावची. तिचं अख्खं आयुष्य लाकडी ओंडक्यांच्या घरात गेलं होतं आणि नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. वर्षभराने ती दोन बॅगा आणि एक पीठ मळायची परात घेऊन बाबांकडे राहायला आली. मला आनंदच झाला. बाबा पुन्हा दाढी करायला लागले होते.

पहिल्याच सकाळी हेल्वीने झोपायच्या खोलीची खिडकी सताड उघडली.

"अगं, काय करतेस?" बाबा अंथरुणातून ओरडले. "बाहेर बर्फ पडतोय!"

"हवा घेते."

"हवा येतेच आहे. ती बघ, वरून येतेय."

हेल्वीने छताच्या झडपेकडे मान वर करून पाहिलं. "ही? ही तर डब्यातली हवा. हिला कसला वाससुद्धा नाही."

"वास नाही हाच तर तिचा गुण!"

दोघांचं हे असं रोज चालायचं. ती खिडकी उघडायची, हे मागोमाग जाऊन लावायचे. मी रविवारी जेवायला गेले की दोघं माझ्याकडे तक्रारी करायची. हेल्वी म्हणायची, "मिर्का, तुझा बाप माझ्यापेक्षा त्या यंत्राला जास्त जपतो." बाबा म्हणायचे, "ते निदान उलट उत्तर देत नाही."

पण हेल्वीला एका गोष्टीची खरी रुखरुख होती. तिच्याकडे लहानपणापासून घरात दगडी भट्टी. तिच्यात लाकडं पेटवायची, निखारे ओढून काढायचे आणि तापलेल्या दगडावर पिराक्का भाजायचे. राय धान्याच्या पिठाची पातळ पारी, आत दुधात शिजवलेला भात, कडेला बोटांनी घातलेल्या चुण्या. विजेच्या भट्टीत तिने करून पाहिले. बाबांनी चार खाल्ले, छान म्हणाले. तिने एक चाखला आणि बशी सरकवून दिली. "हे पिराक्का नाहीत. हा पिराक्क्याचा फोटो आहे."

भट्टीचा विषय निघाला की बाबा उठून यंत्राचे फिल्टर बघायला जायचे. का ते मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं हेल्वीलाही. तिने कधी हट्ट धरला नाही. पण उन्हाळा सरता सरता बाबांनी आपण होऊन गवंडी बोलावला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भट्टी उभी राहिली, धुराडं छताबाहेर गेलं. पहिल्यांदा पेटवायच्या दिवशी बाबांनी हेल्वीला यंत्राच्या पाटीवरचं ज्वाळेचं चित्र असलेलं बटण दाखवलं.

"काडी ओढायच्या आधी हे दाबायचं. अशा फटी नसलेल्या घरात धुराला वर चढायला बळ लागतं. हे दाबलं की यंत्र थोडा वेळ बाहेर कमी फेकतं आणि आत जास्त घेतं. मग धूर निमूट धुराड्याने जातो."

"आमच्याकडे धुराला बटण लागत नव्हतं," हेल्वी म्हणाली.

"तुमच्याकडे भिंतींना भोकं होती."

शरद ऋतूभर भट्टी झकास चालली. हेल्वी न विसरता बटण दाबायची, बाबा पिराक्का खाऊन पोटावर हात फिरवायचे. नाताळ झाला आणि खरी थंडी पडली. तळ्याचा बर्फ रात्री तोफेसारखा वाजायला लागला. जानेवारीतल्या सणाच्या सुट्टीला मी सकाळीच पोचले. हेल्वीने टेबलभर पाऱ्या लाटून ठेवल्या होत्या. तिने बटण दाबलं, लाकडं पेटवली, आणि पाहता पाहता धूर वर जायच्या ऐवजी भट्टीच्या तोंडातून आत यायला लागला. आधी एक पट्टा, मग लोटच्या लोट. छताला लावलेला, धुराची सूचना देणारा भोंगा किंचाळायला लागला. मी दारं उघडली, हेल्वीने जळती लाकडं लोखंडी बादलीत भरून बाहेर बर्फात टाकली. डोळ्यांतून पाणी, पाऱ्यांवर काजळी.

बाबा स्वयंपाकघराच्या मधोमध उभे होते. चेहरा पांढराफटक. त्यांनी छताच्या झडपेकडे पाहिलं, तिच्याभोवती काळी कडा आली होती.

"हे घर धुरासाठी बांधलेलं नाही," ते म्हणाले. "माझी चूक झाली. भट्टी बांधायलाच नको होती."

हेल्वीने तिच्या त्या फुलाफुलांच्या एप्रनला हात पुसले. "सरळ सांग ना. हे घर माझ्यासाठी बांधलेलं नाही."

"मी तसं म्हणालो का?"

"म्हणायला कशाला पाहिजे!"

ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. मी मागोमाग गेले. म्हटलं, "अगं हेल्वी, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं."

"मला कळतं, पोरी. पण तुझ्या आईच्या श्वासाचं घर आहे हे. मी त्यात चूल पेटवायला निघाले. बहिणीकडे जाऊन येते थोडे दिवस. त्याला शांत होऊ दे, मलाही."

मी बाहेर येऊन बाबांना विचारलं, "यंत्र बिघडलंय का?"

"यंत्र ठणठणीत आहे. फिल्टर नवे आहेत. ठोकळा धुतलाय."

"आणि हवा आत यायची बाहेरची जाळी?"

ते खिडकीकडे वळले. "तिला काय होतंय."

हेल्वी बॅग घेऊन बाहेर पडली. तिला सोडायला मी गाडी गरम करत होते. ती गाडीपाशी आली आणि बॅग खाली ठेवून घराच्या कडेच्या भिंतीकडे बघत राहिली. वर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, यंत्र जिथून श्वास घेतं ती जाळी आहे. म्हणजे असायला हवी होती. तिथे एक पांढरा, केसाळ गोळा चिकटलेला होता, मेंढीच्या पाठीसारखा.

"तौनो!" ती ओरडली. "बाहेर ये! हे काय आहे?"

बाबा कोट न घालताच पायरीवर आले. त्यांनी वर पाहिलं नाही, ह्यावरूनच मला कळलं की त्यांना माहीत होतं.

"बर्फाची लव आहे," ते म्हणाले. "भूर्जाच्या झाडाचं बारीक बी, किडे, धूळ अडकते जाळीत. त्यावर ओल गोठते."

"मग तू काढली का नाहीस? तू तर त्या यंत्राच्या नाकाला शेंबूडसुद्धा येऊ देत नाहीस!"

बाबांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मग अगदी हळू म्हणाले, "चढवत नाही. खुब्याचं झाल्यापासून. वसंतात शिडी लावली होती. दोन पायऱ्या चढलो आणि पाय असे लटपटायला लागले, की शिडीला मिठी मारून उभा राहिलो. तू दुकानात गेली होतीस. शरदातही तेच. म्हटलं, उन्हाळाभर चाललंय तर चालेल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? ज्याने हे घर बांधलं त्याला आता शिडी चढता येत नाही, हे?"

यंत्र बिचारं बाहेर फेकत होतं आणि आत घ्यायला त्याला वाट नव्हती. बटण दाबून काय होणार? घराला श्वास हवा होता, तो त्याने धुराड्यातून ओढला, धुरासकट. सगळं त्या गोळ्यामुळे. हेल्वीच्याही लक्षात आलं. मला वाटलं ती आता त्यांना फाडून खाणार. तिने नुसती बॅग उचलून पायरीवर ठेवली.

"शिडी कुठे आहे?"

"हेल्वी, वेडेपणा करू नकोस," बाबा म्हणाले. "ह्या वयात!"

"ह्या वयात मी घराच्या छपरावरचा बर्फ फावड्याने काढत होते, तू मला भेटायच्या आदल्या हिवाळ्यापर्यंत. मिर्का, सौनातला, त्या वाफेच्या न्हाणीतला, खरखरीत ब्रश आण. आणि तुझ्या बापाला कोट घाल, नाहीतर हाही जाळीसारखा गोठेल."

मी म्हटलं मी चढते. तिने माझ्या शहरी बुटांकडे एक नजर टाकली आणि तो विषय तिथेच संपला. शिडी लावली. बाबांनी ती दोन्ही हातांनी, छातीने, सगळ्या अंगाने धरली. हेल्वी एप्रन खोचून वर गेली आणि ब्रशने गोळा खरवडायला लागली. ढेपेच्या ढेपा बाबांच्या टोपीवर, चष्म्यावर पडत होत्या.

"बाजूला हो ना जरा!" ती वरून ओरडली.

"शिडी सोडू का?"

"अजिबात नको!"

"मग पाड माझ्या डोक्यावर."

जाळी मोकळी झाली तेव्हा आतून यंत्राचा आवाजच बदलला, एखाद्याचं चोंदलेलं नाक सुटावं तसा. हेल्वीने जाळीला गाल लावून पाहिलं. "ओढतंय रे! चांगलं जोरात ओढतंय!" ती पहिल्यांदाच त्या यंत्राबद्दल काहीतरी बरं बोलत होती.

ती खाली उतरली तरी बाबांनी शिडी सोडली नव्हती. तिने त्यांचा चष्मा काढून पुसला.

"धूर झडपेला लागलेला दिसला आणि मला तिचा खोकला ऐकू आला," ते म्हणाले. "खरंच ऐकू आला, हेल्वी. म्हणून तसं बोलून गेलो."

"मला सांगायचंस ना मग."

"तुझ्यापाशी तिचं काय बोलायचं, असं वाटायचं."

"का? मी तिच्या घरात राहते. तिच्याबद्दल मला कळायला नको?"

आत जाऊन आम्ही काजळी पुसली. हेल्वीने उरलेल्या पिठाच्या नव्या पाऱ्या लाटल्या. बाबांनी बटण दाबलं आणि हेल्वीने काडी ओढली. धूर क्षणभर भट्टीच्या तोंडाशी घुटमळला, मग वर वळला आणि धुराड्यातून निघून गेला. पिराक्का भाजून होईस्तोवर बाबा बोलत होते. आई खुर्चीवर बसायची, झडपा कशा जुळवल्या, ती कशी चिडवायची, सगळं. त्यातलं बरंचसं मीही कधी ऐकलं नव्हतं. हेल्वी पारीला चुण्या घालता घालता मध्येच हसत होती, एकदा तिने डोळेही पुसले.

बर्फ वितळल्यावर बाबांनी कडेच्या भिंतीला जाळीखाली लाकडी सज्जा बांधला. वरच्या खोलीच्या खिडकीचं दार करून त्यावर जायची सोय केली, भक्कम कठडा लावला. बारीक जाळी काढून मोठ्या भोकांची बसवली. मी गेले तेव्हा दोघं सज्ज्यावर होती. बाबा कठडा धरून सूचना देत होते, आणि हेल्वी ब्रश हातात घेऊन त्यांना सांगत होती की फार शिकवू नकोस, मला येतं.