पुसायचा राहिलेला कॉम्प्युटर

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी, महिनोन्‌महिने पाण्यावर. त्यामुळे घरात दोघीच, ती आणि मोतीबिंदूने डोळे अधू झालेल्या सासूबाई. गप्पा भरपूर, भांडणं चवीपुरती.

नवा फोन घेतल्यापासून कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. वाचनालयाने गरजू मुलांसाठी असे कॉम्प्युटर मागितले, तेव्हा तिने एक सुट्टी घालवून सगळे फोल्डर उडवले आणि डबा देऊन आली. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो तिकडून ओरडलाच.

"अगं, डिस्क पूर्ण पुसावी लागते! नुसतं डिलीट केलेलं लोक परत काढतात. माझा सगळा आवाज आहे त्यात."

"तुझ्या आवाजाचं कोण लोणचं घालणार आहे?"

तो हसला नाही. सासूबाईंना वाचता येईनासं झाल्यापासून तो आईला बोलूनच निरोप पाठवायचा, आणि म्हातारीला पुन्हा पुन्हा ऐकता यावेत म्हणून ती ते सगळे त्या कॉम्प्युटरवर साठवून ठेवायची. शिवाय नवरा-बायकोची ई-मेलवरची पत्रं होती, घरातल्या बारीकसारीक कटकटींसकट. "जाते गं बाई एकदा, पुसून येते," असं ती स्वतःशीच म्हणत राहिली आणि ते राहूनच गेलं. पुढे त्याचं जहाज रेंजच्या बाहेर गेलं.

एका दुपारी ती जेवायला घरी आली, तर सासूबाईंची कळी खुललेली.

"लेकाचा फोन आला होता, घरच्या फोनवर. आवाज जरा बसलाय त्याचा."

"काय म्हणाला?"

"तू दुकानातून कधी येतेस ते विचारत होता. आणि मागच्या दाराची कडी नीट केली की अजून तशीच? म्हटलं, तशीच आहे रे बाबा, तिला कुठली सवड!"

त्या कडीचं गाऱ्हाणं तिने नवऱ्यालाच लिहिलं होतं. म्हणजे तोच असणार. पण भर समुद्रात रेंज कुठून आली? तिला त्या पत्रांचा कॉम्प्युटर आठवला. ताट तसंच झाकून ती वाचनालयात गेली.

"तुमचा कॉम्प्युटर ना?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "तो आमचे दुरुस्तीवाले घेऊन गेलेत, साफ करायला. आपणहून आले होते, मदत करतो म्हणून. पण गेले काही दिवस फोनच लागत नाहीये त्यांचा. माणूस मात्र फार चांगला हो. तुमचीसुद्धा आपुलकीने चौकशी केली."

"माझी? मी कधी पाहिलंही नाही त्यांना."

"असं कसं? तेच म्हणाले मला, त्या बाई कामावर जातात तेव्हा घरी आजी एकट्याच असतात ना?"

ती धापा टाकत घरी पोचली, तेव्हा फोन वाजत होता आणि सासूबाई भिंत चाचपत तिकडे निघाल्या होत्या. तिने पुढे होऊन उचलला.

"हॅलो?"

"काय सरकार, आज घरीच?"

आवाज नवऱ्याचाच होता. सरकार म्हणणारा जगात तो एकटाच. तिचं मन क्षणभर सैल पडलं. मग तिने विचारलं, "माझे बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू मला काय म्हणालास?"

ते दोघांनी कधी लिहिलं नव्हतं, पुन्हा कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

पलीकडे कोणीतरी भराभर कीबोर्डची बटणं दाबत होतं. मग तोच आवाज, तितक्याच मायेने म्हणाला, "आईला दे ना फोन."

तिने रिसीव्हर खाली टाकला. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या बाजूने मागच्या दाराची कडी हलली. थांबली. पुन्हा हलली, या वेळी हळूहळू, कोणी बाहेरून दाब देऊन बघावं तशी.

"कोण आलंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. चला आई, बाहेर जायचंय."

"अगं, पण चपला?"

"राहू देत."

म्हातारीला जवळजवळ उचलूनच तिने पुढचं दार गाठलं आणि थेट पोलीस ठाण्यात नेलं.

पोलीस घरी पोचले, तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं. आत एक भांडंही हललेलं नव्हतं. वाचनालयाला त्या दुरुस्तीवाल्याने दिलेलं नाव खोटं होतं, पत्ताही. "कोणाचाही आवाज कॉम्प्युटरवर बनवता येतो आता," अधिकारी म्हणाले. "नमुना भरपूर लागतो फक्त." फोन करणारा आणि दाराशी आलेला माणूस एकच की दोन, हेही त्यांना सांगता येईना.

त्या दोघी तिच्या भावाकडे राहायला गेल्या. जहाज बंदराला लागलं तेव्हा नवऱ्याचा फोन आला. तिने त्याला जिन्यातलं विचारलं, त्याने सांगितलं, आणि ती हमसून हमसून रडली. मग तिने फोन सासूबाईंच्या हातात दिला.

"आई, मी बोलतोय गं."

सासूबाईंनी फोन कानाला घट्ट लावून ऐकलं. चेहरा कोराच राहिला. मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला.

"तूच बोल बाई," त्या हलकेच म्हणाल्या. "मला मागच्या वेळीही हा तोच वाटला होता."

फोनमधून "आई, आई" अशी हाक येत राहिली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली.