मार्गशीर्षातली खरूज

सुलक्षणा सकाळपासून हौदावर भाडेकरूंच्या चादरी आपटत होती. पुण्याजवळच्या माणमधली बरीचशी शेती विकून तिच्या सासरच्यांनी उरलेल्या जागेत पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. दिवसपाळीचे मजूर उठले की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचे पडायचे. अंथरूण-पांघरूण मालकाचं होतं आणि ते धुणं विधवा सुनेच्या वाट्याला आलं होतं.

तिचा नवरा शंभू मार्गशीर्षात रस्त्यावर अपघातात गेला. पुढच्या मार्गशीर्षात तिच्या बोटांच्या बेचक्यांत पुळ्या आल्या आणि रात्रभर खाज सुटली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं. सासूनं, गोजराबाईनं, त्याचा अर्थ केव्हाच लावला होता.

"ज्या म्हैन्यात माझा ल्योक गिळला, त्याच म्हैन्यात हिचं अंग फुटतंय. देव काय आंधळा हाय व्हय?"

थंडी पडली की सुलक्षणाचं ताट वेगळं व्हायचं. तिचं अंथरूण कडब्याच्या खोलीत जायचं आणि तिची सहा वर्षांची किमया आजीच्या पांघरुणात झोपायची.

तिसऱ्या वर्षी न राहवून ती दवाखान्यात गेली. डॉक्टर आशालतांनी तिची बोटं पाहिली.

"घरात आणखी कुणाला खाज आहे?"

"माझ्याच नशिबाचं हाय ते, बाई. मालक गेले त्याच म्हैन्यात येतंय."

"ही खरूज आहे, ताई. बारीक किडा कातडीत घर करतो. दिवाळी सरली की या खोल्यांतून रोज माणसं येतात, ती शिमग्यापर्यंत. थंडीत सगळे एका पांघरुणात दाटीनं झोपतात ना? वरच्या वाड्यांवर घरं सुटी-सुटी आहेत, तिथून क्वचित कुणी येतं. तुमचे मालक आषाढात गेले असते, तरी खाज थंडीतच आली असती."

इतकी वर्षं तो महिना सुलक्षणानं स्वतःचा गुन्हा म्हणून अंगावर वागवला होता.

डॉक्टरांनी सगळ्यांपुरतं मलम दिलं. घरातल्या प्रत्येकानं एकाच रात्री अंगभर लावायचं, एकटीनं लावून उपयोग नाही, असं बजावलं.

"आमी काय भाड्याच्या खोलीत ऱ्हातुया?" मनगट खाजवत गोजराबाई म्हणाली. "धाकल्या इंद्रजितचा साखरपुडा तोंडावर हाय. खरजेचं नाव भाईर गेलं तर बघ."

मलम कपाटावर पडून राहिलं. किमयाच्या हातांवर फोड आले, ते पिकले, तेव्हा आजीनं हळद-तेल लावून तिला पूर्ण बाह्यांचा झगा घातला. आईनं जवळ घ्यायला पाहिलं, तर तिलाच हाकललं.

साखरपुड्याच्या सकाळी किमयाचं तोंड सुजलं होतं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली होती. सुलक्षणा तिला उचलून फाटकाशी आली. तिथं दीर उभा होता.

"वहिनी, बावधनचे पाहुणे पोचत्यात आत्ता," इंद्रजित म्हणाला. "जेवणं हुस्तवर दम धर. हिला असं घिऊन निघालीस तर लोक काय म्हणतील?"

सुलक्षणा थांबली. कडब्याच्या खोलीत लेकीला मांडीवर घेऊन ती बसून राहिली. अंगणात पंगती उठत होत्या. पाहुणे गेले तेव्हा किमयाला झटके सुरू झाले होते.

पुण्याच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी पोर गेली. चिघळलेल्या फोडांचं विष मूत्रपिंडात गेलं होतं. लवकर आणली असती तर वाचली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

दुखवट्याला आलेल्या बायकांना गोजराबाई म्हणाली, "आदी नवरा खाल्ला, आता पोर." खरजेचं नाव कुणीही काढलं नाही.

सुलक्षणानं ते घर सोडलं. डॉक्टर आशालतांच्या दवाखान्यात ती कामाला लागली. पुढची थंडी पडताच मलम घेऊन ती खोल्याखोल्यांतून फिरली. मजूर रांगेनं उभे राहिले, त्यांनी सांगितल्याप्रमाणे लावलं. शेवटी ती सासरच्या दारात गेली.

गोजराबाईनं दार किलकिलं करून हात बाहेर काढला. तो कोपरापर्यंत ओरबाडलेला होता. "दे हितंच. आन हळू बोल."

"चोरून न्हाई, आत्याबाई. समद्यांनी एकाच राती लावायचं. समदी अंगणात या, म्या सांगते कसं लावायचं ते."

दार लागलं. थोड्या वेळानं मागच्या दारानं इंद्रजितची बायको, दिशा, बाहेर आली. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"जाऊबाई, मला खरूज झालीय," ती मोठ्यानं म्हणाली. "घरात सगळ्यांनाच आहे."

आतून गोजराबाईनं तिला हाक मारली.

"सगळे बाहेर येईपर्यंत मी आत येणार नाही," दिशा म्हणाली आणि पायरीवर बसली.

सुलक्षणा तिच्या शेजारी टेकली. खोल्यांतले मजूर बाहेर येऊन बघू लागले. दार बंदच होतं, आणि त्याच्या आड कुणीतरी कराकरा खाजवत होतं.