गारगोट्यांच्या माळावरची झाडं

माझा नवरा फ्लोर्स जन्मभर शेळ्यांमागे फिरला. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या कोमाग्गास गावाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या गारगोट्यांचा माळ आहे. त्या गोट्यांतच गोट्यांसारखी झाडं उगवतात, बोटाच्या पेराएवढी, मधोमध चिरलेली. परका माणूस त्यांच्यावर पाय देऊन जाईल. फ्लोर्सला एकेक ठाऊक होतं. पाऊस हुकला की तो गुडघ्यांवर बसून ती हळूच चाचपून बघायचा.

मे महिन्यात, फुलं यायच्या दिवसांत, तो भरदुपारीच परतला.

"उपटून नेली गं," म्हणाला. "सगळी. नुसती भोकं राहिलीत."

मी त्याला पाणी आणून दिलं. तीनच दिवसांपूर्वी आमच्या लेनीच्या बुटांतली पांढरी कच मी झटकली होती. लेनी आमची एकुलती एक, ती कामाला होती ती खाण बंद पडल्यापासून घरीच. शहरातला कुणीतरी तिला फोनवर फोटो पाठवायचा, अशी झाडं हवीत, चांगले पैसे देतो म्हणून.

संध्याकाळी फ्लोर्सला तिच्या खाटेखाली खोका सापडला. झाडं कागदात गुंडाळलेली, मुळं तुटलेली.

"गोटेच तर आहेत, बाबा!" लेनी ओरडली. "मी काय करू इथं? वाळून जाऊ?"

"यातली काही माझ्यापेक्षा म्हातारी आहेत, पोरी."

"मग जगून घेतलं की त्यांनी!"

तो माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

ती झाडं उपटणं आमच्याकडे गुन्हा आहे. दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला आणि खोक्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. तिथं त्यानं हात जोडले, "मला परत लावू द्या. कुठलं कुठं होतं, सांगतो मी."

"नाही, काका," पोलीसबाई म्हणाली. "पुरावा आहे हा. आणि एकदा बाहेर आलेली झाडं रानात परत नेता येत नाहीत, रोग पसरतो."

खटला उभा राहीपर्यंत निम्मी झाडं सडून गेली. लेनीला आठ महिन्यांची शिक्षा झाली.

फ्लोर्स मी वाढलेलं जेवायचा, पण माझ्याशी बोलत नव्हता. एका सकाळी चहा पिताना अचानक म्हणाला, "ती झाडं मीच दाखवली होती तिला. पाच वर्षांची असताना, खांद्यावर बसवून." आणि कप खाली ठेवून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

लेनी सुटली ती थेट केपटाऊनला गेली. रविवारी मला फोन करते. शेवटी विचारते, "बाबा आहेत का?" मी हाक मारते. तो येतो, फोन कानाला लावतो, आणि दोघंही काही बोलत नाहीत.